बाबा महाराजांचं मृत्युपत्र

ताई महाराज प्रकरण हे नाव माझ्या वयाच्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण ते टिळकचरित्रातला एक भाग म्हणून. टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप आला, शिक्षा झाली, हायकोर्टाने निर्दोष सोडलं, आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने निकाल दिला... शाळेत एवढं सांगून पुढे जावं लागतं, पुस्तकात जागाच तेवढी असते. पण मुळात हे राजकारणाचं प्रकरण नव्हे. एका घरातला कर्ता पुरुष अचानक गेला, जाताना त्याने मृत्युपत्र केलं, आणि ते अमलात आणता आणता अठरा वर्षं गेली. गंमत म्हणजे (गंमत तरी कसली म्हणायची!) मृत्युपत्र खोटं आहे असा वाद कधी मुख्य झालाच नाही. कागद खरा होता, करणारा शुद्धीवर होता, व्यवस्थापक नावाजलेले होते. तरीही हे झालं. का झालं, ते आज जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडं कायद्याचं, म्हणजे पुढचं नीट कळेल. मृत्युपत्र ही चीज आपल्या जुन्या धर्मशास्त्रात नाही. बाप गेला की मुलगे वारस, मुलगा नसेल तर दत्तक, दत्तकही नसेल तर विधवा आणि मग भाऊबंद, अशी ती वाट ठरलेली. आपल्या माघारी अमुक वस्तू अमक्याला द्यावी असं लिहून ठेवायची रीत इंग्रजी अमलात रुळली. इंग्रजांनी १८६५ साली वारसाहक्काचा कायदा केला, पण त्यातून हिंदू आणि मुसलमानांना वगळलं. आमच्या भाईंदर-उत्तनकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना तो लागू, शेजारच्या आगरी-कोळी हिंदूंना नाही, अशी एकाच गावात दोन तऱ्हा. मग १८७० साली हिंदू विल्स ॲक्ट आला. पण आपल्या इलाख्यात तोसुद्धा फक्त मुंबई शहरापुरता, म्हणजे शहरात केलेल्या किंवा शहरातल्या स्थावराबद्दलच्या मृत्युपत्रांपुरता. साष्टी बेट, ठाणं, पुणं हा सगळा मोफसल. तिथल्या हिंदूला त्या काळी तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालत असे. सही आणि दोन साक्षीदार हा नियम सगळीकडच्या हिंदूंना लागू झाला तो १९२७ पासून.

मोफसलातल्या माणसाला मृत्युपत्र कोर्टातून शाबीत करून घ्यायचं असेल तर १८८१ चा प्रोबेटचा कायदा होता. जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करायचा, संबंधितांना नोटिसा जायच्या, साक्षीदार तपासायचे. हा कागद त्याच माणसाचा आहे आणि करताना तो शुद्धीवर होता, एवढी खात्री पटली की न्यायाधीश व्यवस्थापकांना प्रोबेट देई. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणि व्यवस्थापकांना कारभार हाती घेण्याची सनद. प्रोबेट कागदाबद्दल बोलतं. त्या कागदामुळे ज्यांचं आयुष्य बदलणार, त्या माणसांबद्दल ते काही बोलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पुण्याकडे येऊ. सरदार वासुदेव पंडित, लोकांच्या तोंडी बाबा महाराज. दक्षिणेतल्या पहिल्या वर्गाच्या सरदारांपैकी एक, कोल्हापूर संस्थानात इनामं, घराणं मानाचं, आणि डोक्यावर कर्जही. टिळकांचे स्नेही. साल १८९७. पुण्यात प्लेगचं थैमान होऊन गेलेलं, जूनमध्ये रँडचा खून झालेला. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. टिळक सुटले, आणि तीनच दिवसांत, ७ ऑगस्टला, बाबा महाराज कॉलऱ्याने गेले. जाण्यापूर्वी मृत्युपत्र झालं. त्यात व्यवस्थापक म्हणून टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर अशी मंडळी नेमलेली. ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर राजद्रोहाचा खटला लटकतो आहे, अशा मित्राच्या हाती मरणाऱ्या माणसाने आपलं घर दिलं. विश्वास किती असेल बघा. महिनाभरात, १४ सप्टेंबरला, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

मृत्युपत्रातली कळीची गोष्ट अशी. बाबा महाराजांची पत्नी सकवारबाई, म्हणजेच ताई महाराज, तेव्हा गरोदर होत्या. वय विशीच्याही आत. मुलगा झाला तर प्रश्नच नाही. पण मुलगा झाला नाही, किंवा होऊन गेला, तर ट्रस्टींच्या संमतीने ताई महाराजांच्या मांडीवर शास्त्राप्रमाणे दत्तक द्यावा, आणि तो सज्ञान होईपर्यंत इस्टेटीचा कारभार ट्रस्टींनी पाहावा, अशी व्यवस्था होती. १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला. घरात दिवा लागला म्हणेपर्यंत दोन महिन्यांत तोही गेला.

इथे कायद्याचा एक बारीक धागा आहे. मुलगा जन्मला त्या क्षणी इस्टेट त्याची झाली. तो गेल्यावर वारस कोण? आई. मर्यादित हक्काने का होईना, तिच्या हयातीत इस्टेट तिची. पण तिने दत्तक घेतला की त्याच दिवशी मालकी दत्तकाकडे जाते आणि आईच्या हाती उरते पोटगी. म्हणजे दत्तक घेणं हे विधवेसाठी नुसतं धर्मकृत्य नव्हतं. आपल्या हाताने आपला हक्क सोडून देणं होतं. मग तो कोणासाठी सोडायचा, उद्या घरात आपल्याला मानाने वागवील असा मुलगा कोणता, याचा विचार कुठलीही बाई करणारच.

दुसरंही आहे. नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचून विधवेला दत्तक घेता येतो का, यावर हिंदुस्थानात प्रांताप्रांताचं शास्त्र वेगळं होतं. बंगालात येत नाही. पण आपल्याकडे सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाला मान, आणि त्याच्या आधारे महाराष्ट्रातल्या विधवेला तो अधिकार आहे असं मुंबई हायकोर्टाने रखमाबाई विरुद्ध राधाबाई या दाव्यात १८६८ साली मान्य केलं होतं. म्हणजे मराठी मुलखातल्या विधवेच्या हाती ही एक मोठी गोष्ट होती. बाबा महाराजांनी ती काढून घेतली नाही, पण ट्रस्टींच्या संमतीची गाठ मारली. त्यांच्या बाजूने हेतू चांगलाच. पोरवयाची बायको, कर्जबाजारी इस्टेट, आणि टपून बसलेले लोक. पण त्या गाठीचं एक टोक ट्रस्टींच्या हाती आणि दुसरं त्या मुलीच्या. दोन्ही टोकं एका दिशेने ओढली जातील तोवर ठीक.

टिळक १८९८ च्या सप्टेंबरमध्ये सुटले आणि कारभारात लक्ष घालू लागले. कर्ज फेडायचं तर खर्च कमी करायला हवा. सरदारी घरातला खर्च कमी करायचा म्हणजे बाईंच्या हातखर्चालाही कात्री. हिशेबाच्या दृष्टीने अगदी बरोबर. घरात मात्र धुसफूस सुरू झाली. ट्रस्टींतही एकवाक्यता राहिली नाही. ताई महाराजांभोवती सल्लागार गोळा झाले, तसे ते अशा वेळी होतातच.

१९०१ च्या जूनमध्ये टिळक, खापर्डे वगैरे मंडळी ताई महाराजांना घेऊन औरंगाबादला गेली. तिथे घराण्याच्या एका शाखेतला जगन्नाथ नावाचा लहान मुलगा पसंत केला, आणि जूनच्या अखेरीस दत्तविधान झालं, कागद झाले. निदान टिळकांच्या बाजूचं म्हणणं तसं. पुण्याला परतल्यावर महिनाभरात, २९ जुलैला, ताई महाराजांनी जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्याकडे अर्ज केला की व्यवस्थापकांना दिलेलं प्रोबेट रद्द करावं. औरंगाबादला दत्तक झालाच नाही, आपल्यावर दडपण आणलं, असं बाईंचं म्हणणं. आणि ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरला बाळा महाराज नावाचा दुसरा दत्तक घेतला. कोल्हापूर दरबारचं पाठबळ त्या दत्तकाला होतं. एका गेलेल्या माणसाला दोन मुलगे झाले, एक औरंगाबादचा आणि एक कोल्हापूरचा.

पुढचं सगळं कोर्टातलं. थोडक्यात सांगतो, कारण तारखांचं जंगल आहे. ॲस्टनसाहेबांनी मूळ अर्ज बाजूला ठेवून टिळकांचीच उलटतपासणी करावी तशी चौकशी चालवली, आणि ३ एप्रिल १९०२ ला प्रोबेट रद्द करून टिळकांवर फौजदारी खटल्याची वाट मोकळी केली. प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम हायकोर्टाने त्याच वर्षी फिरवला. तो निकाल वकील मंडळी पुढे कितीतरी वर्षं दाखवत आली. त्याचा मथितार्थ असा: प्रोबेट निरुपयोगी झालं म्हणून रद्द करायचं, तर नंतर झालेलं दुसरं मृत्युपत्र सापडलं पाहिजे, किंवा आधीचं बनावट निघालं पाहिजे, किंवा मेला म्हटलेला माणूस जिवंत निघाला पाहिजे. व्यवस्थापकाच्या वागण्याबद्दल तक्रार आहे एवढ्यावरून शाबीत झालेला कागद नाशाबीत होत नाही. कायदा म्हणून किती स्वच्छ! पण ताई महाराजांची तक्रार तर नेमकी वागण्याबद्दलच होती.

फौजदारी खटला क्लेमेंट्स नावाच्या मॅजिस्ट्रेटपुढे चालला. ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना खोट्या साक्षीबद्दल दीड वर्ष सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. त्याच सुमारास टिळकांचा मोठा मुलगा प्लेगने गेला होता. अपिलात सेशन्स जज्ज लुकास यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोषी ठरवलंच. शेवटी ४ मार्च १९०४ ला सरन्यायाधीश जेंकिन्स यांच्या हायकोर्टाने टिळकांना पूर्ण निर्दोष सोडलं.

तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. १९०३ सालीच ताई महाराज वारल्या. ऐन तारुण्यात. नवरा गेला, मूल गेलं, सहा वर्षं कज्जात गेली, आणि त्या स्वतः गेल्या. ज्या प्रकरणाला त्यांचं नाव पडलं त्याची पुढची बारा वर्षं त्यांच्यावाचून चालली.

कोणता दत्तक खरा, हा दिवाणी दावा पुण्यात चालला. १९०६ साली जगन्नाथाच्या बाजूने निकाल लागला. १९१० मध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी तो उलटवला. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात. दत्तकात मुलगा प्रत्यक्ष दिला-घेतला गेला पाहिजे, दान आणि प्रतिग्रह झाला पाहिजे, हे शास्त्र. औरंगाबादला ते झालंच नाही, आणि टिळक-खापर्डे वगैरेंनी संगनमताने तसं सांगितलं, असा त्या निकालाचा रोख. १९१४ ला टिळक सुटून आले, आणि २६ मार्च १९१५ ला प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचा दत्तक कायम केला. निकालपत्र लॉर्ड शॉ यांचं. त्यांनी हायकोर्टाला चांगलंच सुनावलं. साक्षीदाराला खोटं ठरवायचं असेल, तर तो मुद्दा त्याच्यासमोर ठेवून त्याला आधी विचारलं पाहिजे, खुलासा करायची संधी दिली पाहिजे. न विचारता मागाहून त्याला लबाड ठरवणं हा न्याय नव्हे. आपल्या देशातली कोर्टं हे तत्त्व आजही सांगतात. एका घरच्या भांडणातून निघालेलं एवढं एक सार्वजनिक पुण्य.

मग दोष कोणाचा? टिळकांचा म्हणावा तर त्यांनी या इस्टेटीतली दमडी घेतली असं कोणत्याही कोर्टाने शेवटपर्यंत ठरवलं नाही. उलट मित्राला दिलेल्या शब्दापायी हा माणूस तुरुंगापर्यंत गेला. दुसरा कोणी पहिल्याच नोटिशीला 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून बाजूला झाला असता. सरकारला टिळक हवे होते आणि या घरगुती कज्जात ते आयते सापडले, हेही खरं. पण ताई महाराजांना नुसतं 'लोकांनी फितवलेली बाई' म्हणून सोडून द्यावं, जसं आपल्याकडे बरेचदा लिहिलं जातं, हे मला पटत नाही. त्या मुलीला आयुष्यात एकच निर्णय करायचा होता, मांडीवर कोणाला घ्यायचं. तोही दुसऱ्यांच्या संमतीने. तिला इतरांनी भरीला घातलं असेलही. पण भरीला घालणाऱ्यांना जागा कधी मिळते? घरच्यांनी विश्वासात घेतलं नाही असं माणसाला वाटतं तेव्हा. मृत्युपत्रात तिच्या कुशीची सोय होती, तिच्या मांडीची सोय होती. तिच्या मनाचं काय, याचं कलम नव्हतं. आणि असं कलम कोणाही वकिलाला लिहिता येणार नाही, हेही खरंच. ते काम जिवंतपणी, समोर बसून, बोलून करायचं असतं. बाबा महाराजांना कॉलऱ्याने तेवढी सवड दिली नाही.

हे सगळं आताच का आठवलं, तर आमच्या मित्रमंडळींत सध्या हाच विषय आहे. सत्तरी ओलांडली की गप्पा गुडघ्यांवरून मृत्युपत्रावर येतात. आमच्यातल्या एकाने मला विचारलं की व्यवस्थापक म्हणून तुझं नाव घालू का. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याला एवढंच म्हटलं, की आधी घरातल्या सगळ्यांना, सुनेलासुद्धा, काय लिहिणार आहेस ते सांग, मग माझ्याकडे ये. तो म्हणाला, सांगितलं तर आत्ताच भांडणं होतील. मी म्हटलं, होऊ देत की! तू आहेस तोवर झालेली बरी. तू रागावशील, समजूत काढशील, एखादा आकडा बदलशील. नंतर रागवायला तू नसशील आणि बदलायला कागद तयार नसेल.

त्याची दुसरी शंका प्रोबेटची होती, आणि ती आमच्या भागात सर्वांनाच असते. दहिसर नाक्याच्या पलीकडे मुंबई, अलीकडे आम्ही ठाणे जिल्ह्यात. १९२५ च्या वारसाहक्क कायद्यातल्या २१३ व्या कलमाने मुंबईतल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचं ठेवलं होतं, मीरा-भाईंदरच्या घरांना ते नव्हतं. म्हणजे १८७० सालची शहर आणि मोफसल ही जुनी रेघच, फक्त सरकत सरकत दहिसरपर्यंत आली होती. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं, त्यामुळे आता ती सक्ती नाक्याच्या पलीकडेही उरलेली नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी केली तर उत्तम पण बंधन नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. विधवेचा हक्कही १९५६ च्या कायद्यांनी पुरा झाला. तिच्या वाट्याला आलेलं आता तिच्या पूर्ण मालकीचं, आणि दत्तक घ्यायला कोणा ट्रस्टींची मान हलायला लागत नाही. ताई महाराज पन्नास-साठ वर्षं उशिरा जन्मल्या असत्या तर हे प्रकरण घडलंच नसतं.

असो. कायदा सुधारला, सोपा झाला, हे चांगलंच झालं. पण कागद शाबीत होणं आणि घर शाबूत राहणं या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या आणि आजही आहेत. पहिलीसाठी कोर्ट आहे. दुसरीसाठी आपल्यालाच बोलावं लागतं, आणि तेही आपण बोलू शकतो आहोत तोवर. आमच्या नात्यातली जी मंडळी हे वाचत असतील त्यांनी रागावू नये, पण येत्या दिवाळीला सगळे जमू तेव्हा फराळानंतर अर्धा तास या विषयाला ठेवू या. अशुभ वगैरे काही नसतं.